रिकामी जमीन



ज्याने उभे आयुष्य कामगारांच्या सभा, संप आणि वाटाघाटी यांत घालवले, आणि ज्याचे शाळेतले शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले, अशा माणसाने पुरातत्त्वासारख्या विषयावर बोलावे, हे कुणाला अधिकाराबाहेरचे वाटले तर मी त्याला दोष देणार नाही. विद्वानांच्या मालिकेत हे पुष्प थोडे रानटीच म्हणायचे. परंतु जमीन खणणाऱ्या माणसांशी माझा रोजचा संबंध आहे. आणि जमिनीच्या पोटात काय आहे हे सर्वांत आधी ज्याच्या पहारीला कळते तो प्राध्यापक नसतो, बिगारी असतो. एवढ्याच अधिकारावर मी उभा आहे.

१९९८ सालची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात मोठ्या इमारतीचा पाया खणला जात होता. सात-आठ फुटांवर राखेचा थर लागला. त्यात खापरे, जनावरांची हाडे आणि झिजून खोलगट झालेला एक दगडी पाटा निघाला. मुकादमाने पाहिले, कंत्राटदाराला कळवले, आणि रात्रीतच काँक्रीट ओतले गेले. सकाळी मी पोहोचलो तेव्हा ते ओलेच होते. मजुरांना विचारले, "तुम्ही कुणीच कसे बोलला नाहीत?" त्यांच्यातला एक वयस्क माणूस म्हणाला, "भाऊ, काम थांबलं तर आमची हजेरी कोण मांडणार?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. आणि खरे सांगायचे तर, त्या दिवशी मीही कुठे कळवले नाही. चाळीस माणसांची रोजी एका बाजूला आणि काही खापरे दुसऱ्या बाजूला, असा हिशेब मी मनाशी केला.

तो हिशेब बरोबर होता की चूक, हे मी पुढे बरीच वर्षे स्वतःला विचारत राहिलो. हळूहळू उमगले ते असे, की प्रश्नच उशिरा पडला होता. पाया खणून झाल्यावर पोट की इतिहास असे विचारणे म्हणजे दोघांपैकी एकाचा बळी आधीच ठरवणे होय. हा प्रश्न नकाशावर रेघ ओढतानाच विचारला असता, तर दोन्ही वाचण्यासारखे होते. तेव्हा प्रश्न असा: जमीन खणण्यापूर्वी तिच्या पोटातले सांगता येते काय? आणि विशेषतः, "येथे काही नाही, खुशाल खणा," असे कुणी छातीठोकपणे सांगू शकतो काय?

जुन्या अवशेषांचे नकाशे आपण ऐकून असतो. येथे किल्ला, तेथे लेणे, पलीकडे स्तूप. परंतु रस्ता काढणाऱ्या इंजिनियरला, वसाहत आखणाऱ्या नगररचनाकाराला हवा असतो तो याच्या उलट नकाशा. अवशेष असण्याचा संभव फारसा नाही अशी जमीन कोणती, हे त्याला पाहिजे असते. तसा नकाशा हाती आला तर तो तिकडे निश्चिंत मनाने जाईल, पैसा आणि वेळ वाचेल, आणि संशोधकही आपली थोडी माणसे व थोडा निधी जेथे खरी गरज आहे तेथे लावतील. कल्पना चांगली आहे. तिचा पाया काय, तो आधी पाहू.

माणूस कुठेही वस्ती करीत नाही. त्याला पाणी जवळ लागते, पण पुरात बुडणारी जागा चालत नाही. जवळपास कसायला जमीन, जळण आणि नदीला उतार असला तर उत्तम. आपल्या खेड्यातल्या माणसाला हे शास्त्र नवे नाही. काळी आणि पांढरी हे दोन शब्द तो पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आला आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची. घरांच्या भिंतींची माती, चुलीची राख, शेण, उकिरडे शेकडो वर्षे साचून जमिनीचा रंगच बदलतो. गाव उठून गेले तरी पांढरीचे टेकाड मागे उरते. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला अशाच टेकाडांत ताम्रपाषाण काळातील शेतकऱ्यांची वस्ती निघाली, आणि डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तिचे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने जागा निवडली ती आजच्या कुणब्याच्याच नजरेने. म्हणजे जागेचे लक्षण ओळखता आले तर वस्तीचा अंदाज करता येतो. आणि असण्याचा अंदाज करता येतो त्याअर्थी नसण्याचाही करता यावा.

या अंदाजाला संबंध देशाच्या नियोजनात स्थान देण्याचा प्रयत्न नेदरलंड्समध्ये झाला. देश लहान, वस्ती दाट, सुमारे चौथाई जमीन समुद्रसपाटीच्या खाली. तेथे रस्ते, कालवे, गोद्या आणि घरे यांसाठी जमिनीची ओढाताण नेहमीचीच. १९९२ च्या जानेवारीत माल्टा बेटावर व्हॅलेटा येथे युरोपातील राष्ट्रांचा एक करार झाला. त्यात ठरले की, पुराणवस्तूंचा विचार नियोजनाच्या आरंभीच व्हावा, आणि मोठ्या कामामुळे जे उत्खनन करावे लागेल त्याचा खर्च त्या कामातच धरावा. नेदरलंड्सने त्याप्रमाणे कायदा केला. तो २००७ साली अमलात आला. परंतु आरंभीच विचार करायचा तर हातात काहीतरी हवे. म्हणून आमर्सफोर्ट येथील सरकारी पुरातत्त्व खात्याने १९९७ साली साऱ्या देशाचा एक अनुमान-नकाशा प्रसिद्ध केला. त्याची तिसरी आवृत्ती २००८ साली निघाली.

तो केला कसा? त्यांच्याकडे शेतीसाठी तयार केलेला मातीचा नकाशा होता, आणि देशभर सापडलेल्या पुराणवस्तूंची नोंदवही होती. दोन्ही एकमेकांवर ठेवून त्यांनी त्रैराशिक मांडले. उदाहरणादाखल समजा, एका प्रकारची माती देशाच्या शंभरांतल्या दहा हिश्श्यांवर आहे, पण सापडलेल्या शंभर स्थळांपैकी चाळीस तिच्यावर आहेत. म्हणजे वाट्याच्या चौपट. ही जमीन 'अधिक संभवाची'. दुसऱ्या मातीने तीस हिस्से व्यापले आहेत, पण तिच्यावर स्थळे सहाच. म्हणजे वाट्याच्या एक-पंचमांश. ही 'कमी संभवाची'. या आकड्यांना जाणत्या संशोधकांच्या अनुभवाची जोड दिली, आणि पन्नास मीटर लांब-रुंद अशा चौकटी पाडून प्रत्येक चौकटीला रंग दिला. नगरपालिकेच्या कारकुनालाही कळावा असा तो नकाशा होता. पुढे नगरपालिकांनी आपापल्या हद्दीचे अधिक बारकाव्याचे नकाशे केले.

आता कुणी म्हणेल, मग अडचण कसली? अडचणी तीन आहेत, आणि तिन्ही समजून घेण्यासारख्या आहेत. कारण असा नकाशा कोठेही झाला तरी त्या त्याच्याबरोबर येणारच.

पहिली अडचण नोंदवहीची. वस्तू सापडल्याची नोंद तेथे होते, जेथे कुणीतरी शोधलेले असते. नांगरलेल्या शेतात खापर वर येते, दिसते, नोंदले जाते. कुरणात आणि जंगलात ते येत नाही. संग्राहक राहतो त्या गावाभोवती ठिपक्यांची गर्दी होते, आणि पलीकडचा मुलूख कोरा राहतो. तेव्हा ठिपक्यांचा नकाशा हा अर्धा जुन्या माणसांचा आणि अर्धा शोधणाऱ्या माणसांचा नकाशा असतो. आमच्या धंद्यातली उपमा द्यायची तर, ज्या कारखान्यात संघटना नाही तेथून तक्रार येत नाही. म्हणून का तेथे सारे आलबेल असते?

दुसरी अडचण खोलीची. तो मातीचा नकाशा शेतीसाठी केलेला. जमिनीचा वरचा सव्वा मीटरच त्यात वर्णिलेला आहे. नद्यांनी गाळाचे थर चढवलेल्या मुलखात सव्वा मीटर म्हणजे कालपरवाची गोष्ट. राटर्डॅम बंदरापासून जर्मन सरहद्दीपर्यंत मालगाड्यांसाठी सुमारे १६० किलोमीटरचा नवा लोहमार्ग बांधला गेला, तेव्हाची हकीकत या संदर्भात बोलकी आहे. त्या मार्गावर हार्डिंक्सफेल्ड-गीसेन्डाम या गावाजवळ वर पाहावे तर सपाट, ओलसर कुरण. जुन्या वस्तीचे चिन्ह नाही. संशोधकांनी आधी तेथे लांब गिरमिटे जमिनीत घालून मातीचे नमुने वर काढले. कित्येक मीटर खाली वाळूची एक बुडालेली टेकडी लागली, आणि नमुन्यात कोळशाचे कण व हाडांचे तुकडे आले. मग १९९७-९८ साली लोखंडी पत्र्यांच्या भिंती ठोकून, पाणी उपसत, उत्खनन झाले. पीट आणि चिखल यांच्या खाली शिकारी आणि मच्छीमार लोकांचा मुक्काम निघाला. सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वीच्या एका प्रौढ स्त्रीचा सांगाडाही तेथे पुरलेला होता. उत्खनकांनी तिला 'त्रैंत्ये' असे घरगुती नाव दिले. जे कुरण वरून रिकामे, त्याच्या तळाशी हे एवढे सापडले.

समुद्रातून काढलेल्या जमिनीची गोष्ट याहूनही नवलाची. बांध घालून, पाणी उपसून, विसाव्या शतकात डचांनी फ्लेव्होलंड हा नवा प्रांत निर्माण केला. माणसाने काल केलेली जमीन. तिला इतिहास कुठला, असेच कुणालाही वाटेल. परंतु चर खणताना मजुरांना बुडालेली जहाजे लागू लागली, आणि त्यांची संख्या चारशेच्या वर गेली. त्याहीखाली, समुद्र तेथे येण्यापूर्वीच्या ओढ्यांच्या काठी, नवाश्म युगाच्या आरंभीच्या लोकांच्या वस्त्या निघाल्या. स्विफ्टरबान्ट या गावावरून आज त्या संस्कृतीला नाव आहे. अगदी अलीकडे, २०११ साली, राटर्डॅम बंदराच्या वाढीव भागात समुद्रसपाटीखाली वीस मीटरांवरून यारीच्या खोऱ्याने गाळ उचलून तपासला, तर त्यात जळलेली हाडे, कोळसा आणि गारगोटीची हत्यारे मिळाली.

तिसरी अडचण मात्र जमिनीची नसून माणसाची आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी. नकाशा करणाऱ्याने लिहिले 'संभव कमी'. तो कागद कचेरीत गेला. तेथे त्याचे झाले 'संभव नाही'. पुढे कंत्राटात त्याचे झाले 'तपासणीची गरज नाही'. तपासणी नाही म्हणून तेथे काही सापडत नाही. सापडत नाही म्हणून पुढच्या आवृत्तीतही संभव कमीच राहतो. नकाशा स्वतःच स्वतःची साक्ष काढू लागतो! हा दोष तेथल्याच संशोधकांनी उघडपणे दाखवून दिला, हे त्यांना भूषणास्पद आहे.

मग नकाशे करूच नयेत काय? तसे मुळीच नाही. औषध दुसऱ्या एका देशात सापडते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या वाहतूक खात्याने १९९५ साली आपल्या राज्याचा असाच नकाशा करावयास घेतला. रस्ते बांधणाऱ्या खात्यानेच तो केला, हे ध्यानात घ्या. त्यांनी उद्दिष्ट ठेवले होते, की १८३७ पूर्वीच्या दर शंभर स्थळांपैकी पंच्याऐंशी ज्यात येतील, अशी जमीन राज्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक नसावी. डोळे मिटून एक-तृतीयांश जमीन निवडली असती तर तेहतीसच स्थळे तीत आली असती. तेव्हा हा लाभ मोठा. पण उरलेल्या पंधरांचे काय? ती 'कमी संभवा'च्या जमिनीतच असणार. म्हणजे नकाशा पूर्ण यशस्वी झाला तरी त्याच्या रिकाम्या भागात शंभरांतली पंधरा स्थळे राहतील, हे त्याच्याच गणितात लिहिलेले आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे, हे गणितच सांगते.

मिनेसोटाच्या लोकांनी याहून महत्त्वाची एक गोष्ट केली. त्यांनी स्थळांच्या नकाशाबरोबर शोधांचाही नकाशा केला: कोणत्या प्रकारच्या जमिनीवर आजवर नीट पाहणी झाली आहे आणि कोणत्या नाही. दोन्ही ताडून पाहिल्यावर ज्या जमिनीवर पाहणी पुरेशी झाली आणि तरी काही मिळाले नाही, तिलाच त्यांनी 'कमी संभवाची' म्हटले. जेथे पाहणीच अपुरी, तिला वेगळा वर्ग दिला: 'अज्ञात'. हा एक शब्द लिहिण्यास प्रामाणिकपणा लागतो. 'नाही' आणि 'माहीत नाही' या दोहोंना एकच रंग देणे सोपे असते, आणि बांधकामाला ते सोयीचेही असते.

याशिवाय एक वर्ग असा आहे की ज्याबद्दल निःशंकपणे 'काही उरलेले नाही' म्हणता येते. जेथून माती आणि मुरूमच काढून नेला आहे, अशा खाणी. दुमजली तळघरांचे खड्डे. तळ खरवडलेल्या गोद्या. तेथे इतिहास होता की नव्हता हा प्रश्नच संपला. परंतु खणलेली जमीन आणि बांधलेली जमीन यांत गल्लत होता कामा नये. भराव घालून वर घरे बांधली तर खालचे अवशेष नष्ट होतात असे नाही. पुष्कळदा भरावच त्यांचे रक्षण करतो.

आता घराकडे वळू. आपल्याकडेही रिकाम्या जमिनीचा एक कागद आहे, आणि तो फार जुना आहे. सात-बाऱ्यावर ज्या क्षेत्रापुढे 'पोटखराब' लिहिले, ते लागवडीला निरुपयोगी. आकारणीपुरते हे ठीक आहे. पण प्रकल्पाला जागा शोधताना निरुपयोगी आणि रिकामी यांत फरक कोण करतो? कोकणातले जांभ्याचे सडे पाहा. मैलोगणती उघडा कातळ. पावसाळ्यात चार महिने गवत आणि रानफुले, उरलेला काळ ऊन. वस्तीची सर्व लक्षणे येथे उलटी. नेदरलंड्सच्या पद्धतीने मोजले असते तर सडा खालच्याच रंगात गेला असता. त्याच सड्यांवर कातळात कोरलेली हत्ती, वाघ, मासे, माणसे आणि अर्थ न लागणाऱ्या आकृती यांची शेकडो चित्रे आहेत. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी सहकाऱ्यांसह २०१२ नंतर सडे पायांखाली घालून ती शोधली, आणि नोंदलेल्या चित्रांची संख्या हजाराच्या पलीकडे गेली. गुराख्यांना आणि गावकऱ्यांना त्यांतली कित्येक ठाऊक होती. पण त्यांना विचारतो कोण? २०२२ साली कोकणातील आणि गोव्यातील नऊ ठिकाणे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांत राजापूर तालुक्यातील बारसू हे नाव आहे. आणि त्याच बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीपरीक्षण सुरू झाले तेव्हा २०२३ साली उठलेला गदारोळ आपण सर्वांनी वाचला.

त्या प्रकल्पाची बाजू घेण्यासाठी अथवा त्याला विरोध करण्यासाठी मी येथे उभा नाही. कारखाने नकोत असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? माझे घर कारखान्याच्या भोंग्यावर चालले. मला एवढेच दाखवायचे आहे की, 'येथे काही नाही' हा शेरा आपण फार सहज मारतो, आणि ज्याने जागेवर पाऊल ठेवलेले नाही तोच तो अधिक सहज मारतो.

आपला कायदा यात कितपत उपयोगी पडतो? १९५८ चा स्मारकांचा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीने राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरांत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटरांत परवानगीचे बंधन आले. हे संरक्षण ठाऊक असलेल्याला आहे. जे अजून कुणाला ठाऊक नाही, त्याच्याभोवती शंभर मीटर मोजणार कोठून? १८७८ चा निखात निधीचा कायदाही आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही पुरलेले सापडले तर कलेक्टरला कळवावे, असे तो सांगतो. पण बिगाऱ्याने कळवायचे, पंचनाम्याला तिष्ठत बसायचे, आणि तेवढे दिवस खाडे सोसायचे! दहा रुपयांच्या त्या कायद्याने बिगाऱ्याच्या खाड्याचा विचार कधी केला नाही.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. रिकाम्या जमिनीचे नकाशे अवश्य व्हावेत. त्यांनी इतिहासाचे आणि विकासाचे दोहोंचे हित होईल. मात्र त्यांत 'कमी संभव', 'अज्ञात' आणि 'खणून गेलेली' असे तीन वेगळे रंग असावेत, आणि कोणत्या खोलीपर्यंत हे विधान आहे ते कोपऱ्यात लिहिलेले असावे. 'कमी' म्हटलेल्या जमिनीतही अधूनमधून मुद्दाम खड्डे घेऊन पाहावे. चुकीची कबुली देण्याची सोय ज्यात नाही तो नकाशा नव्हे, तो हुकूमनामा होय. तो नकाशा मराठीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा, म्हणजे गुराखीही त्यावर बोट ठेवून सांगू शकेल, "साहेब, येथे आहे."

आणि शेवटची गोष्ट, जिच्यासाठी मी हे सारे वाचले. नकाशा कितीही चांगला झाला तरी त्या शंभरांतल्या पंधरा जागी पहार अडखळणारच. त्या दिवशी काय करायचे हे निविदेतच लिहिलेले असले पाहिजे: किती दिवस काम थांबेल, तपासायला कोण येईल, आणि त्या दिवसांची मजुरांची हजेरी कोण मांडील. ही हजेरी कामाच्या अंदाजपत्रकात धरली, तर तिचा बोजा कुणालाही जाणवणार नाही इतका थोडा असेल. धरली नाही, तर रात्रीतून काँक्रीट ओतले जाईल आणि कुणालाच कळणार नाही.

त्या वयस्क मजुराच्या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे. ते त्याला त्या सकाळी द्यायला हवे होते. त्या इमारतीत आज कुटुंबे राहतात, मुले खेळतात. तिच्यावर माझा राग नाही. पण तिच्यावरून जाताना मला पायाखालचा तो दगडी पाटा आठवतो. कुणीतरी बाई त्याच्यावर दाणे भरडीत बसली असेल. तीही कष्टकरीच होती. आणि तिची नोंद करण्याची संधी एकदाच आली होती.